चांगुणा इथे राहत नाही

एका संध्याकाळी, चहा पीत पीत, मी एकोणचाळीस बायकांना दहिसरमधून हाकलून दिलं. हातात काठी नव्हती, बरोबर पोलीस नव्हते. एक बॉलपेन होतं आणि समोर मतदारांची यादी. एकेका नावापुढे मी लिहीत गेले, 'सदर पत्त्यावर राहत नाही.' माझं अक्षर पहिल्यापासून सुरेख. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम कायम माझ्याकडे असायचं. त्याच सुरेख अक्षरात मी हा उद्योग केला.

संपादकबाई म्हणाल्या, "निवृत्त झालात ना, मग कामाच्या आठवणी लिहा. दिवाळीत वाचायला बरं वाटेल असं काहीतरी." बरं वाटेल की नाही, ते मला ठाऊक नाही. हे सांगताना माझी कानशिलं अजून गरम होतात. पण लिहायचं तर हेच. गॅदरिंगच्या आठवणी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील.

आधी काम काय ते सांगते. मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिकची बाई. सकाळची शाळा, साडेबाराला सुटका. पण सरकारला शिक्षकांची दुपार रिकामी दिसली की बघवत नाही. म्हणून आमच्यातल्या काहींना बीएलओ करतात. म्हणजे एका मतदान केंद्राची जी यादी असते, ती सांभाळायची. हजार-बाराशे नावांचा गठ्ठा हातात देतात आणि सांगतात, दारोदार जा. कोण आहे, कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कोण अठरा वर्षांचं झालं, बघून या. नवीन नाव घालायला फॉर्म सहा, नाव काढायला फॉर्म सात. काम एवढंच. मी ते वीस वर्षं केलं आणि माझ्या चार चपला त्यात झिजल्या.

दारात उभ्या असलेल्या बीएलओला बघून कोणाला आनंद झालाय असं मी तरी पाहिलं नाही. नव्या टॉवरमध्ये वॉचमन रजिस्टर पुढे करतो. 'कुठून आलात' या रकान्यात मी एकदा वैतागून 'लोकशाहीकडून' असं लिहिलं. त्यानं वाचलंसुद्धा नाही. म्हणाला, "चौदा मजला. कुत्ता है, संभालके." चाळीत उलट. तिथे पाणी देतात, पंखा लावतात आणि मग तासभर सोडत नाहीत. आमच्याच गल्लीतले एक सावंतकाका तीन वर्षं बायकोच्या मृत्यूचा दाखला द्यायला टाळाटाळ करत होते. शेवटी मी आवाज चढवला, तर म्हणाले, "बाई, रेशनकार्डावरून काढलंत, गॅसच्या पुस्तकावरून काढलंत. आता एवढी एकच जागा उरलीय जिथे आमची दोघांची नावं खाली-वर आहेत. या वर्षी राहू दे ना." मी नियम सांगितला, फॉर्म सात भरून घेतला, सही घेतली. आणि जिन्यात येऊन रडले.

दोन वर्षं मला साकीनाक्याला टाकलं होतं. तिथे कारखान्यांचे गाळे. खाली मशिनं, वर पोटमाळा. एक गाळेवाला मला दारातच म्हणाला, "मॅडम, ये कारखाना है, इधर कोई रहता नहीं." मी वळलेच होते, तेवढ्यात पोटमाळ्याच्या भोकातून एक हात खाली आला. हातात आधार कार्ड. वरून बाईचा आवाज, "मैं रहती हूँ. नौ साल से." गाळेवाला भडकला, पण मी तिथल्या तिथे फॉर्म सहा काढला. त्या दिवसापासून मी स्वतःला बजावलं, की पुरुष 'इथे कोणी राहत नाही' म्हणाला की आधी वर बघायचं.

बजावलं होतं ना? मग दहिसरला काय झालं होतं माझ्या डोक्याला?

खाडीकडे एक कोळीवाडा आहे. नाव सांगत नाही. आता चारी बाजूंनी टॉवर आलेत, मध्ये ही वस्ती. पुरुष मासेमारीला जातात, बायका मासळी विकतात. त्यांचा बाजार स्टेशनच्या अलीकडे. सकाळी एकदा बसतात, दुपारी घरी येऊन जेवतात, जरा आडव्या होतात आणि चार वाजता परत टोपल्या घेऊन बाजारात. मी फिरायची कधी? शाळा सुटली, घरी जाऊन जेवले, भांडी घासली, की साडेचार-पाचला. म्हणजे मी कोळीवाड्यात पोचायची तेव्हा तिथे बायका नसायच्याच. दारात जाळी विणत बसलेले म्हातारे असायचे. मी त्यांनाच विचारायची.

आता इथे एक रीत समजून घ्या, नाहीतर गंमत कळायची नाही. आपल्याकडे लग्नात नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर तिचं नवीन नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावसुद्धा. माहेरची शोभा सासरी येऊन संगीता होते. कोळीवाड्यात ही रीत अजून पक्की. घरात, गल्लीत, बाजारात सगळीकडे नवीन नाव. पण आधार कार्ड निघतं शाळेच्या दाखल्यावरून, आणि तिथे असतं जुनं. मतदार यादीतही जुनंच, पुढे फक्त नवऱ्याचं नाव आणि आडनाव लागलेलं.

मी विचारायची, "चांगुणा रामकृष्ण कोळी इथेच राहतात का?"

सासरा जाळ्यातून मान वर न करता म्हणायचा, "चांगुणा? अशी कोनी नाय आमच्यात. रामकृष्ण तर वाड्यात धा-पाच हायत."

"नक्की?"

"अहो बाई, माझं घर हाय, मना म्हाईत नाय?"

चांगुणा त्याच घरात पस्तीस वर्षं भाकऱ्या थापत होती. तिला सगळे मंगला म्हणत. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, सुनेचं नाव चांगुणा आहे म्हणून. मग नियमाप्रमाणे नोटिसा गेल्या. त्यासुद्धा चांगुणाच्या नावानं. घरच्या पुरुषांनी परत पाठवल्या, 'अशी व्यक्ती येथे नाही.' अशा घरोघरच्या मिळून एकोणचाळीस. मी घरी बसून शेरे मारले आणि कागद वर पाठवून दिले.

आणि ऐका, सगळ्यात मोठी लाजेची गोष्ट. माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं आहे. मला कळायला नको होतं? दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं तर चाललं असतं, पण माझ्या?

सुधारित यादीचा मसुदा लागला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. दारात एक साठीची बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, केसांत अबोली, डोक्यावर रिकामी टोपली. मागे आणखी दहा-बाराजणी. वर्गात बोंबलाचा वास पसरला आणि पोरं खूश झाली.

"तूच का गो ती बाई, जिनं मना मारून टाकलं?"

"मावशी, मी कोणाला मारलं नाही. तुमचं नाव काय?"

"चांगुणा."

मी पिशवीतून यादी काढली. "मारलं नाहीये. स्थलांतरित केलंय."

"म्हनजे?"

"म्हणजे तुम्ही घर सोडून गेलात असं लिहिलंय."

"कंच्या गावाला गेले मी? सांग की. मनापन कळू दे. पस्तीस वर्सांत माहेरी दोन रात्री सलग राहिले नाय मी, आनि तू मना गावाला धाडून आलीस?"

मागच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. कारण त्या हसण्यातच मला कळलं काय झालंय ते. मी एकेकीला नाव विचारत गेले. आधारवरचं, मग घरातलं. वाट लागली होती, त्यांची आणि माझीही.

चांगुणामावशीला मताची एवढी घाई का होती तेही सांगते. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. त्यांचा बाजार पाडून नवीन इमारत उठवायचं घाटत होतं, आणि कोळणींना जागा मिळणार होती ती तळघरात, गाड्या लावतात तिथे. आत गिऱ्हाईक कोण उतरणार? उभे राहिलेले सगळे उमेदवार कोळीवाड्यात येऊन हात जोडत होते. बायकांनी ठरवलं होतं, जो ओटे जागच्या जागी ठेवायचं बाजारात उभा राहून सगळ्यांसमोर कबूल करील, त्यालाच मत. तसं त्यांनी सगळ्यांना कळवलंही होतं. एक उमेदवार यादी चाळून हसत म्हणाला होता, "मावशी, तुमच्यातल्या निम्म्या तर यादीतच नाहीत." त्यांना हे कळलं ते असं.

हरकती घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. हा सोमवार.

मी दुपारीच ऑफिसला गेले. आमचे साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त कागदावर प्रेम करणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राणे मॅडम, सोपं आहे. प्रत्येकीच्या नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून पत्र आणा. 'चांगुणा आणि मंगला ही एकच व्यक्ती असून ती माझी पत्नी आहे.' जोडा फॉर्मला. मी सही करतो."

"आणि नवऱ्याच्या पत्राशिवाय?"

"मग तुम्हाला फेरचौकशीचा अहवाल द्यावा लागेल, की तुमची आधीची पडताळणी चुकीची होती. तुमच्या सहीनं." त्यांनी चष्मा काढला. "रिटायरमेंटला किती राहिले?"

"आठ महिने."

"मग पत्रंच आणा. माहिती घरच्यांनीच चुकीची दिली होती असं होईल. तुमच्यावर काही येणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी तशीच कोळीवाड्यात गेले. या वेळी दुपारी दोनला, बायका घरात असताना. चांगुणामावशीच्या ओटीवर सगळ्या जमल्या. मी पत्राचा मजकूर सुरेख अक्षरात लिहूनच नेला होता. नवऱ्यानं नुसती सही ठोकायची.

मावशीनं तो कागद हातात घेतला, सातवी शिकलेली, सावकाश वाचला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"नाय."

"अहो मावशी, एका सहीचा प्रश्न आहे. काका काय नाही म्हणणारेत का?"

"तो कशाला नाय म्हनेल? शंभर सह्या करील. पन मी कोन ते त्यानं का म्हनून लिवून द्यायचं? एक नाव बापानं ठेवलं, दुसरं दादल्यानं ठेवलं. मना कोनी विचारलं नाय. आता मी जित्ती हाय का, ते पन त्यांनीच सांगायचं?"

"कायद्यानं तसं लागतं हो."

"कुठच्या कायद्यात हाय?"

आता आली का पंचाईत. कारण कायद्यात तसं कुठेच नव्हतं. ती साहेबांची सोय होती आणि माझी. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं आठवायला लागलं. याच शहरातल्या बायकांनी शंभरेक वर्षांपूर्वी सभा घेऊन, अर्ज करकरून मताचा हक्क मागितला होता. मिळाला तो आधी मालमत्तावालींनाच. पुढे नवरा मतदार असेल तर बायकोलाही मत, असली अट आली. आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला लाखो बायकांनी यादीवाल्यांना स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. ती नावं यादीतून गळली. मी हे त्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, किती पुढे आलोय आपण. मला वाटलं मी फार छान समजावतेय.

मावशी म्हणाली, "ती नवऱ्याची अट गेली ना?"

"गेली की. कधीच."

"मग तू परत कशाला घेऊन आलीस?"

मी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग ती एकदम मवाळ आवाजात म्हणाली, "तुझं नाव काय गो बाय?"

"स्मिता राणे."

"ते नाय. आईनं ठेवलेलं."

माझी आई मालवणची, गिरणी कामगाराची बायको. महागाईच्या काळात थाळ्या-लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा ही पण लाटणं घेऊन गेली होती. आयुष्यभर तिनं मला सासरच्या दारातसुद्धा जुन्याच नावानं हाक मारली. "गो कुंदा, खंय रवलंस?" सासूबाई नाक मुरडायच्या. आई गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"कुंदा," मी म्हटलं. आणि मला हुंदकाच आला. एकोणचाळीस बायकांची नावं मारून आलेली सरकारी बाई, त्यांच्याच ओटीवर बसून रडतेय. छे! मावशीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, "पी. आनि आता सांग कुंदा, काय करायचं?"

मी पत्राचा कागद फाडला. म्हटलं, "उद्या चार वाजता मी बाजारात येते. ओट्यावर. तिथेच फेरचौकशी. प्रत्येकीनं आधार आणायचं आणि स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तिला लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या दोन बायका साक्षीला. पुरुषाची सही मला एकही नको."

"आनि तुझ्यावर आलं तर?"

"येऊ दे."

बोलायला बोलले, मग घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आठ महिने राहिलेत गं. कशाला नसती उठाठेव? पत्रं घे ना." मी म्हटलं, "तुला माझं आधीचं नाव आठवतं का रे?" त्यानं विचार केला. बराच वेळ केला. मी गॅस बंद केला आणि जेवायला वाढलं. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मी बर्फाच्या पालथ्या खोक्यावर बसले, मांडीवर पॅड. भर बाजाराची वेळ. डावीकडे सुरमई, उजवीकडे कोलंबीचा ढीग, पायाखाली ओल. कागदांना जो वास लागला तो ऑफिसातल्या कपाटातून अजून गेला नसेल. एकेक कोळीण हात पुसून पुढे यायची. सुरुवातीला पुटपुटत होत्या. मी म्हटलं, "ऐकू येत नाही. तुम्ही पापलेटचा भाव सांगता तसं सांगा."

मग काय विचारता!

"चांगुणा रामकृष्ण कोळी!"

"द्वारका हरेश्वर कोळी!"

"अंजनी धर्मा कोळी!"

गिऱ्हाइकं थबकून बघायला लागली. एक टॉवरमधल्या बाई म्हणाल्या, "मावशी, हलवा कसा दिला?" मावशी म्हणाली, "दम धर जरा. नाव लिवतंय माझं." शेजारी-शेजारी वीस वर्षं बसणाऱ्या बायकांना एकमेकींची खरी नावं पहिल्यांदा कळत होती. "अगो, तू अंजनी? आनि मी इतकी वर्सं तुला सुनंदा म्हनते!" चिडवाचिडवी, टाळ्या. साक्षीला त्याच माहेरच्या गावातल्या बायका उठून यायच्या, कोणी मढची, कोणी गोराईची.

सगळ्यात शेवटी एक ऐंशीची म्हातारी आली. सगळ्यांची यशोदाआई. मी नाव विचारलं तर ती गप्पच झाली. माझ्या हातात आधार होतं, मला नाव दिसत होतं, पण मी सांगितलं नाही. तीच ओठ हलवत राहिली. बाजूची म्हणाली, "आई, सांग ना गो." म्हातारी म्हणाली, "थांब. येतंय." मग एकदम तिचं तोंड उजळलं. "भिकी! माझ्या आईची चार पोरं गेली, मग मी झाले. म्हनून भिकी ठेवलं. भिकी म्हनायची मना." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. सगळा बाजार "भिकी, भिकी" म्हणून ओरडायला लागला आणि ती लहान पोरीसारखी लाजली. तेवढी एक संध्याकाळ मला माझ्या सगळ्या नोकरीहून मोठी वाटते.

मध्येच गावातले एक पुढारी आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला म्हणाले, "मॅडम, हा तमाशा कशाला? आम्ही पत्रं लिहून देतच होतो की."

मी बोलायच्या आत चांगुणामावशीनं उत्तर दिलं. "तुमच्याकडनं एकदा लिवून घेतलं. त्यात आमी गावाला गेलो. आता ऱ्हाऊ दे." हातातला कोयता तिनं काही दाखवायला उचलला नव्हता, सुरमई कापायची होती म्हणून. पण पुढारी गेले.

अहवाल मी स्वतःच्या हातानं लिहिला. 'माझी आधीची पडताळणी चुकीची होती. संबंधित महिला घरी नसताना मी घरातील पुरुषांकडून माहिती घेतली व तीच खरी धरली. सर्व महिला सदर पत्त्यावर राहतात.' गुरुवारी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "शब्द थोडे सौम्य करायचे का?" मी म्हटलं, "नको साहेब. मारताना सौम्य लिहिलं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्या सहीबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

एकोणचाळीसपैकी अडतीस नावं परत लागली.

एक राहिली. नर्मदा तिचं नाव. ती त्या आठवड्यात अलिबागकडे मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. निरोप पोचला, पण मुलगी अडली होती, तिला सोडून ती कशी येणार? शनिवारी आली. मुदत शुक्रवारी संपलेली. मी साहेबांच्या हातापाया पडले, पण मुदत म्हणजे मुदत. ती ऑफिसच्या दारात मला म्हणाली, "मी नातू आनला आनि तू माझं मत घालवलंस." पुढच्या खेपेला तिचं नाव लागलं, पण ती निवडणूक गेली ती गेलीच. नर्मदा आजही माझ्याशी बोलत नाही. मासळी देते, चांगली देते, पण तोंड फिरवून. बरोबरच आहे तिचं. माझ्या एका शेऱ्यामुळे झालं ते, आणि सॉरी म्हणून ते भरून येत नाही.

महिन्याभरात मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. पडताळणीत हलगर्जीपणा का केलात, सात दिवसांत खुलासा करा. शाळेतल्या सगळ्यांनी आपापले सल्ले दिले. तब्येतीचं कारण दे, दोन कामांचा बोजा होता असं लिही, एक चांगला वकील आहे अंधेरीला. मी अर्ध्या ओळीत खुलासा दिला. 'कारण : मी पुरुषांना विचारलं.' सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर ताकीद लागली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकही शेरा नव्हता, शेवटी हा लागला. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी भाषणात 'निष्कलंक सेवा' म्हटलं, तेव्हा मी बसल्या जागेवरून म्हटलं, "एक डाग आहे सर. कमावलेला आहे."

बाजाराचं भांडण अजून चालूच आहे. ओटे अजून जागेवर आहेत आणि बायका त्यांच्यावर. पुढचं पुढे.

पण मतदानाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. बीएलओला त्या दिवशी केंद्राबाहेर टेबल देतात. यादी घेऊन बसायचं आणि लोकांना त्यांचा अनुक्रमांक शोधून द्यायचा. शाळेच्या व्हरांड्यात मी बसले होते, खोलीच्या दाराजवळच. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. साडेअकराच्या सुमाराला बाजार आटपून त्या सगळ्या आल्या. कोणी घरी जाऊन कपडे बदलले नव्हते. पुरुषांच्या रांगेत चांगुणामावशीचा नवरा, दीर आणि म्हातारा सासरा, त्याला दोघांनी धरलेलं.

आत पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्यानं वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या माणसांना आपापल्या यादीत खूण करता येते. मावशी आत गेली. अधिकारी दुसऱ्या शाळेतले कोणी मास्तर होते, सकाळपासून घसा बसलेला. त्यांनी पुटपुटल्यासारखं काहीतरी वाचलं. मला दारातही नीट ऐकू आलं नाही. कोळीवाड्यातलाच एक तरुण तिथे उमेदवाराकडून बसला होता. तो चकित होऊन म्हणाला, "काकी, तुझं नाव चांगुणा हाय? कधीपासून?"

"जन्मापासून," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पुढे जायची खूण केली. दुसऱ्या टेबलावर शाईवाली बाई बाटली उघडून बसली होती. मावशी हलली नाही.

"काय झालं मावशी? पुढे चला."

"मास्तर, परत वाचा."

"वाचलं की."

"मोठ्यानं वाचा. भाईर रांगेत आमच्या घरचे उभे हायत. त्यांना ऐकू नाय गेलं."

मग मास्तरांनी घसा खाकरला, यादी डोळ्यांसमोर धरली आणि शाळेत हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात वाचलं, "चांगुणा रामकृष्ण कोळी!"

पुरुषांच्या रांगेत म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याला ऐकू गेलं.

"हजर," आतून मावशी म्हणाली, आणि बोट पुढे केलं.